इंदूरच्या रनवेवरून ग्रहण : सिम्युलेटरचं आभाळ खरं आहे का, ते तपासायची पद्धत

फ्लाइट सिम्युलेटर नवा घेतलेला इंदूरकर आधी राजवाडा शोधतो, मग आपलं घर शोधतो, आणि घर ओळखू न आल्यामुळे थोडा हिरमुसतो. वर बघायची पाळी बऱ्याच उशिरा येते. एखाद्या रात्री एअरपोर्टवर उतरताना समोर चंद्र दिसतो आणि प्रश्न पडतो : हा आजचा चंद्र आहे, की नुसता चिकटवलेला आहे?

उत्तर घरबसल्या काढता येतं. त्याला महागडं काही लागत नाही. भिंतीवरची दिनदर्शिका आणि थोडा त्रैराशिकाचा सराव पुरतो. मात्र क्रम पाळायचा : आधी घड्याळ, मग सूर्य, मग चंद्र, आणि शेवटी ग्रहण. लोक थेट ग्रहणावर उडी मारतात, काहीच दिसत नाही, आणि सिमला शिव्या घालतात. घड्याळ अर्ध्या तासाने चुकलेलं असेल तर ग्रहण दिसणार कसं?

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. सिममध्ये आभाळाची दोन वेगळी कामं चालतात. पहिलं काम गणिताचं : तारीख, वेळ आणि ठिकाण घेऊन सूर्य-चंद्र कुठे आहेत ते काढणं. दुसरं काम रंगवण्याचं : त्या जागी किती मोठी तबकडी काढायची, उजेड किती पाडायचा, सावल्या कुठे टाकायच्या. पहिलं काम बहुतेक सिम नीट करतात, कारण त्याची सूत्रं जुनी आणि उघड आहेत. लंगडतं ते दुसरं. म्हणून प्रत्येक चाचणीत दोन शेरे लिहायचे, एक जागेचा आणि एक उजेडाचा. माझ्या मते सिमच्या आभाळाबद्दलची निम्मी भांडणं हे दोन शेरे एकत्र केल्यामुळे होतात.

तयारी

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची २०२० किंवा २०२४ ची आवृत्ती, एक्स-प्लेन, फ्लाइटगिअर, यांपैकी काहीही चालेल. फ्लाइटगिअर फुकट आहे आणि त्याचा कोडही खुला आहे, त्यामुळे जुना कॉम्प्युटर असलेल्यांनी तिथूनच सुरुवात करावी. सोबत स्टेलेरियम हे आभाळाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घ्या. त्यात ठिकाण इंदूर निवडलं की कुठल्याही तारखेला कुठलाही ग्रह किती दिगंशावर (उत्तरेपासून मोजलेली दिशा) आणि किती उन्नतांशावर (क्षितिजापासूनची उंची) आहे ते क्लिक केल्यावर दिसतं. तपासणीत खरं-खोटं ठरवायचं ते याच्याशी ताडून.

विमान सेस्ना १७२ घ्या. पंख वर असल्यामुळे सावली बघायला सोयीचं पडतं. विमानतळाचा कोड व्हीएआयडी, धावपट्टी ०७/२५ (आकड्याला दहाने गुणलं की दिशेचे अंश), समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,८५० फूट. अक्षांश २२.७ उत्तर, रेखांश ७५.८ पूर्व. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे सारखे लागतील. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत आपल्या भागात जेमतेम एखाद अंशाचा फरक असल्यामुळे होकायंत्रावरचा आकडा तसाच वापरला तरी चालतो. नॉर्वेत किंवा कॅनडात ही चैन नाही.

मग तारखेच्या पडद्यावर जा आणि वर्ष बदलता येतं का ते बघा. एक्स-प्लेन ११ मध्ये दिवस आणि महिना निवडता येतो, वर्षाचा रकानाच नाही. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. सूर्य दरवर्षी त्याच तारखेला जवळपास त्याच जागी असतो, म्हणून सूर्याच्या सगळ्या चाचण्या अशा सिममध्ये बिनघोर करता येतात. चंद्र मात्र दरवर्षी सुमारे अकरा दिवस सरकतो. वर्षच सांगता येत नसेल, तर अमुक सालचं ग्रहण तिथे मागण्यात अर्थ नाही. फ्लाइटगिअरमध्ये सुरू करतानाच वर्षापासून सेकंदापर्यंत पूर्ण जीएमटी (ग्रिनिच वेळेची) तारीख देता येते, आणि उड्डाण चालू असताना एन्व्हायर्नमेंट मेनूतून वेळ बदलता येते.

हवामान ‘क्लिअर स्काइज’ ठेवा. लाइव्ह वेदर चालू राहिलं तर तारीख २००९ ची आणि ढग आज सकाळचे, अशी खिचडी होते. ग्राफिक्समधले ब्लूम आणि लेन्स फ्लेअर बंद करा. सूर्याभोवती जी झगमग दिसते ती बहुतेक यांचीच असते आणि तबकडीची खरी कड तिच्याखाली झाकली जाते.

घड्याळ

सगळ्या चाचण्या झुलू वेळेत, म्हणजे यूटीसीत (ग्रिनिचच्या प्रमाणवेळेत) लावायच्या. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करा, झालं. लोकल वेळेवर विसंबायचं नाही. कारण साधं आहे : टाइम झोन ठरवायची एक आळशी पद्धत म्हणजे दर पंधरा अंश रेखांशाला एक तास धरणं. त्या हिशेबाने इंदूर पाच तासांच्या पट्ट्यात पडतं आणि वरचा अर्धा तास गायब होतो. सिममधली लोकल वेळ आणि झुलू वेळ शेजारी ठेवून पाहा. फरक बरोबर ५ तास ३० मिनिटं आला तर उत्तम, नाही आला तर लोकल घड्याळाकडे बघणंच सोडा.

पहाटेची उड्डाणं करणाऱ्यांनी तारखेकडेही बघावं. २२ जुलैला पहाटे चार वाजता झुलू घड्याळात २१ जुलैचे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. साडेपाचच्या आधीची प्रत्येक वेळ आदल्या तारखेत जाते.

आणखी एक हिशेब. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि आपण ७५.८ वर आहोत. ६.७ अंशांचा फरक, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे इंदुरात सूर्य माथ्यावर येतो तो बारा वाजून सुमारे २७ मिनिटांनी. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि अक्ष कललेला असल्यामुळे ही वेळ वर्षभरात मागेपुढे होते : नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१० च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्याला १२:४१ च्या आसपास. सिममध्ये या दोन्ही तारखांना दुपारची सावली उत्तरेकडे कधी येते ते बघा. दोन्ही वेळा १२:२७ च येत असेल, तर सिमने सूर्याचं गणित काटकसरीत उरकलं आहे.

सूर्य : सावली नाहीशी झाली पाहिजे

कर्कवृत्त इंदूरच्या उत्तरेला जवळपास ८० किलोमीटरवर आहे. त्यामुळे आपल्याकडे शून्य सावलीचे दिवस वर्षातून दोनदा येतात, ७ जूनच्या आणि ५ जुलैच्या आसपास. दुसरा बहुधा ढगांत जातो. सिममध्ये तो अडथळा नाही.

सेस्ना रनवेवर उभी करा. ७ जून, झुलू ०६:५६, म्हणजे आपले १२:२६. इंजिन बंद. कॅमेरा बाहेर काढून बरोबर विमानाच्या डोक्यावर न्या. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये ड्रोन कॅमेऱ्याने हे पटकन जमतं. पंखांची सावली पंखांखालीच लपलेली दिसली पाहिजे, एकाही बाजूला काळी किनार नको. आता वेळ वीस मिनिटं पुढे करा : सावली पूर्वेकडे बाहेर सरकते. वीस मिनिटं मागे गेलात तर पश्चिमेकडे. हे दोन्ही दिसलं की सूर्य ठीक आहे.

तरी एका टोकाची चाचणी पुरेशी नाही. तारीख २२ डिसेंबर करा, झुलू ०६:५५. त्या दुपारी इंदुरात सूर्य क्षितिजापासून सुमारे ४३.८ अंशांवरच चढतो आणि सावली वस्तूच्या उंचीपेक्षा किंचित लांब पडते. सेस्ना १७२ च्या शेपटीचं टोक जमिनीपासून साधारण २.७ मीटरवर असतं. त्याची सावली टोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून उत्तरेकडे २.८ मीटरवर पडली पाहिजे. ड्रोन कॅमेऱ्यातून धावपट्टीवरच्या पट्ट्यांशी तुलना करून हे अंतर डोळ्यांनी अजमावता येतं.

डोळ्यांवर भरवसा नसेल तर आकडे घ्या. फ्लाइटगिअरच्या प्रॉपर्टी ब्राउझरमध्ये सिम, मग टाइम, आणि त्यात ‘सन अँगल रॅड’ हा आकडा मिळतो. तो डोक्यावरच्या बिंदूपासून सूर्याचं अंतर रेडियनमध्ये सांगतो. ७ जूनला वर दिलेल्या वेळी तो ०.०१ च्या आत हवा, २२ डिसेंबरला ०.८०६ च्या आसपास. एक्स-प्लेनमध्ये ‘सन पिच डिग्रीज’ आणि ‘सन हेडिंग डिग्रीज’ हे डेटारेफ (सिमच्या आतले आकडे) थेट अंशांतच उत्तर देतात. ते वाचायला डेटारेफ दाखवणारं छोटं प्लगइन लागतं.

वेळ असेल तर २१ जूनला एक छोटी फेरी करा. इंदूरहून उज्जैनवरून महिदपूर तालुक्यातल्या डोंगळ्याच्या दिशेने, उत्तरेला. क्षिप्रेच्या काठावरून उज्जैन ओळखता येतं. सवाई जयसिंगांनी १८व्या शतकात बांधलेली तिथली वेधशाळा सिमच्या साध्या दृश्यात ओळखू येईल अशी आशा मात्र धरू नका. डोंगळा कर्कवृत्तालगत आहे आणि तिथे याच दिवसासाठी शंकुयंत्र (सावली मोजायचा उभा खांब) उभारलेलं आहे. ११० नॉटने (ताशी सुमारे २०० किलोमीटर) अर्ध्या तासाच्या आत पोचता. फेरीला चाचणी म्हणून फारशी किंमत नाही, कारण त्या दुपारी इंदुरात दहा मीटरच्या खांबाची सावलीही जेमतेम १२-१३ सेंटीमीटर दक्षिणेला पडते आणि सिममधल्या सावल्या इतक्या बारीक नसतात. तरी जाऊन या.

चंद्र : संकष्टीचा तक्ता

मराठी घरात याहून चांगलं साधन नाही. दिनदर्शिकेत दर महिन्याच्या संकष्टीला गावोगावची चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. मुंबई-पुण्यापासून सुरू होऊन तक्त्याच्या शेवटी बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर येतात. इंदूरची ओळ घ्यायची. मुंबईची घेऊन चालणार नाही, कारण इंदूर मुंबईच्या पूर्वेला जवळपास ३ अंश आहे आणि नुसत्या रेखांशामुळेच १२ मिनिटांचा फरक पडतो.

त्या संध्याकाळी विमान रनवेवर ठेवा आणि कॅमेरा शंभरेक फूट वर चढवा, म्हणजे समोरच्या इमारती आड येणार नाहीत. इतक्या उंचीमुळे क्षितिज फक्त १० कला (अंशाचा सहावा भाग) खाली जातं, वेळेत मिनिटभराचाही फरक पडत नाही. छापलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधीपासून पूर्वेकडे बघत, एकेक मिनिट पुढे जात, चंद्राची वरची कड कधी दिसते ते टिपून घ्या.

आता फरकावरून दोष ओळखायचा. साधारण ५० मिनिटं चुकत असतील तर तारीख एका दिवसाने सरकली आहे, कारण चंद्र रोज सरासरी तेवढाच उशिरा उगवतो. बरोबर अर्धा तास चुकत असेल तर टाइम झोन. चंद्र चतुर्थीचा दिसतच नसेल, अर्धा किंवा पुरता गोल असेल, तर वर्ष. दोन-तीन मिनिटं उशिरा उगवत असेल तर सिमने वातावरणातलं प्रकाशाचं वक्रीभवन धरलेलं नाही. क्षितिजावरचा चंद्र त्यामुळे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त वर उचललेला दिसतो. एवढ्यासाठी कोणी सिमला नापास करू नये.

आणि चार-पाच मिनिटं आधीच उगवत असेल तर? हा दोष महत्त्वाचा. त्याचं नाव लंबन.

सूर्याची जागा पृथ्वीच्या केंद्रातून मोजली काय आणि इंदुरातून मोजली काय, फरक नगण्य. चंद्र तुलनेने फार जवळ आहे, सरासरी ३,८४,००० किलोमीटरवर. आपण पृथ्वीच्या केंद्रापासून जवळपास ६,४०० किलोमीटर वर, पृष्ठभागावर उभे आहोत. त्यामुळे क्षितिजालगतचा चंद्र केंद्रातून दिसला असता त्यापेक्षा आपल्याला सुमारे एक अंश खाली दिसतो. चंद्र डोक्यावर आला की हा फरक शून्यावर येतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ही दुरुस्ती गाळली, तर रोजच्या उड्डाणात कोणाच्या लक्षातही येत नाही. एक अंश म्हणजे चंद्राच्या दोन तबकड्या. आभाळात तेवढ्याचं काय? पण सूर्यग्रहणात सगळा खेळच अर्ध्या अंशाचा आहे.

तबकडीच्या आकाराची चाचणी इथेच उरकून घ्या. सूर्य आणि चंद्र दोघेही आभाळात साधारण अर्धा अंश व्यापतात. तुमचा पडदा १,९२० पिक्सेल रुंद असेल आणि आडवं फील्ड ऑफ व्ह्यू (पडद्यावर मावणारा दृश्याचा कोन) ६० अंश ठेवलं असेल, तर पडद्याच्या मध्यभागी चंद्र सुमारे १५ पिक्सेल रुंद आला पाहिजे. स्क्रीनशॉट घ्या आणि कुठल्याही चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये मोजा. चाळीस-पन्नास पिक्सेल भरला तर तो देखावा म्हणून मोठा केलेला चंद्र आहे. दिसायला छान, पण सूर्य आणि चंद्र वेगवेगळ्या पटीत मोठे केले असतील तर खग्रासचं कंकणाकृती होऊ शकतं.

ग्रहण : २२ जुलै २००९, धावपट्टी ०७

आता मुख्य काम. कुठलंही ग्रहण घेता येईल, पण इंदूरकराला २००९ चंच घ्यायला हवं. त्या दिवशी खग्रास पट्टा सुरत, वडोदरा, इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा असा गेला. आषाढी अमावास्या, आपल्या घरांत दिव्यांची अवस, आणि भर पावसाळा. सिममधलं निरभ्र आभाळ ही त्याची भरपाई.

हे ग्रहण चाचणी म्हणूनही सर्वांत कठोर आहे. ते ग्रस्तोदित होतं, म्हणजे सूर्य उगवला तोच खाल्लेला. इंदुरात सूर्योदय ५:५४ च्या सुमारास आणि खग्रास स्थिती ६:१५ ते ६:३० च्या दरम्यान सुमारे तीन मिनिटं. तेव्हा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ६ अंश वर होता. इतक्या खाली लंबन जवळपास पूर्ण लागू होतं, त्यामुळे ज्या सिमने ते गाळलं आहे ते इथे हमखास उघडं पडतं.

सेस्ना धावपट्टी ०७ च्या टोकाला, नाक पूर्व-ईशान्येकडे करून उभी करा. झुलू तारीख २२ जुलै २००९, वेळ ००:२०. खग्रासच्या क्षणी सूर्याचा दिगंश सुमारे ७० होता आणि धावपट्टीही जवळपास त्याच दिशेची आहे. म्हणजे कॉकपिटमध्ये बसून मानही वळवायची नाही. ग्रहण बरोबर नाकासमोर, रनवेच्या मध्यरेषेच्या वर लागतं. सोळा वर्षांहून जास्त काळ लोटला तरी या योगायोगाचं मला अप्रूप वाटतं.

००:२४ ला सूर्य वर येऊ लागेल. झूम वाढवा, तबकडी निदान ६० पिक्सेल होईपर्यंत. मग एकेक मिनिटाने वेळ पुढे न्या आणि ००:४५ पासून पुढे दहा-दहा सेकंदांनी. वेळेचा स्लायडर इतका बारीक सरकत नसेल तर घड्याळ ००:५० ला लावून सिम आपल्या वेगाने चालू द्या, चहा घेऊन बसा.

चार गोष्टी क्रमाने बघायच्या. एक, चंद्राची जागा. तो सूर्यावर आला का? सूर्याच्या वर एक अंशावर, म्हणजे दोन तबकड्या सोडून थांबला असेल तर लंबन गाळलं आहे; संकष्टीच्या चाचणीत चंद्र लवकर उगवला असेल तर हे होणारच होतं. चंद्र दिसतच नसेल तर अमावास्येचा चंद्र काळा आहे हे आठवा. सिममध्ये तो पारदर्शकही काढलेला असू शकतो. अशा वेळी ग्रहणाच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या चंद्रकोरीची जागा स्टेलेरियमशी ताडून पाहा.

दोन, तबकडी झाकली जाते का. काही ठिकाणी चंद्र सूर्याच्या मागे रंगवला जातो. गणित बरोबर, चित्रांची रांग चुकलेली.

तीन, उजेड. हा शेरा कडक लावा. अर्धा सूर्य झाकला तरी दिवस उजेडीच राहतो, खऱ्या आभाळातही तसंच असतं. अंधार झरकन पडतो तो शेवटच्या दोन-तीन मिनिटांत. सिमने उजेड पहिल्यापासून सरळ रेषेत कमी केला तर ते दिसायला नाट्यमय, पण चूक. आपोआप एक्सपोजर जुळवणारी सिम्स अंधार पडला की चित्र पुन्हा उजळून टाकतात आणि मेहनत वाया घालवतात. ती सोय बंद करता येत असेल तर करा.

चार, बाकीचं जग. पूर्ण अंधारात शुक्र दिसतो का? क्षितिजावर चहूबाजूंनी संध्याकाळसारखा तांबूस पट्टा येतो का? एअरोड्रम रोडवरचे दिवे लागतात का? दिवे लावायचं गणित सूर्याच्या उंचीवर बांधलेलं असेल तर ग्रहणात ते लागणार नाहीत, कारण सूर्य वर चढतोच आहे. बिजासन टेकडी काळोखात आणि शहर दिवाबत्तीविना, असं दृश्य दिसलं तर कारण हेच.

सुट्या अपडेटमध्ये या गोष्टी बदलत राहतात. म्हणून दुसऱ्याचा जुना व्हिडिओ बघून आपल्या आवृत्तीबद्दल मत बनवू नका.

चंद्रग्रहण थोडक्यात सांगतो, कारण त्यात तपासायला कमी आहे. ७ सप्टेंबर २०२५ चं घ्या, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या (चित्ररथांच्या) दुसऱ्या रात्रीचं. आपल्या वेळेने स्पर्श (ग्रहणाची सुरुवात) रात्री ९:५७, संमीलन (चंद्र पूर्ण झाकला जातो) ११:००, उन्मीलन (चंद्र सुटू लागतो) १२:२२. झुलूत खग्रास १७:३० ते १८:५२. चंद्र लाल-तपकिरी झाला पाहिजे. नाही झाला तर जागा चुकली असं समजू नका. पृथ्वीची सावली चंद्रावर टाकायला वेगळा कोड लिहावा लागतो आणि तो न लिहिणं ही उजेडाच्या रकान्यातली त्रुटी आहे.

जमिनीवरून दिसत नाही ते

इथपर्यंत विमान हललेलंही नाही. आता उडा.

पहिला प्रयोग उंचीचा. ३५,००० फुटांवरून क्षितिज सुमारे ३ अंश खाली जातं, म्हणून तिथे सूर्य १२ ते १५ मिनिटं आधी उगवतो. २१ मार्चला इंदुरात जमिनीवर सूर्योदय साडेसहाच्या सुमारास असतो. विमान त्याच दिवशी झुलू ००:४६ ला शहरावर ३५,००० फुटांवर ठेवा. तुम्हाला सूर्याची कड दिसली पाहिजे आणि खाली सिरपूरच्या तलावावर अजून ऊन नको. तलाव उन्हात चमकत असेल तर सिम सगळ्या उंचीला एकच सूर्य लावतं आहे.

दुसरा, मावळता सूर्य धरून ठेवण्याचा. इंदूरच्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे ताशी सुमारे १,५४० किलोमीटरने फिरते. ताशी ९०० किलोमीटरचं जेट पश्चिमेला नेलं तर सूर्यास्त अडीचपट लांबतो, थांबत नाही. थांबवायचा असेल तर उत्तरेला जा. ६० अंशांवर हा वेग ताशी ८३५ किलोमीटरवर येतो. मार्चच्या विषुवदिनाला ओस्लोहून सूर्यास्ताच्या वेळी निघा, खऱ्या उत्तरेच्या हिशेबाने २७० अंशांचा मार्ग धरा आणि जमिनीवरचा वेग ८३० च्या आसपास ठेवा. शेटलंड बेटं मागे पडतील, ग्रीनलंडचं दक्षिण टोक येईल, आणि सूर्य समोर तिथल्या तिथे राहील. ऑटोपायलटला दोन विमानतळांमधला सरळ मार्ग दिलात तर तो उत्तरेकडे वाकतो आणि प्रयोग फसतो. म्हणून हेडिंग हाताने सांभाळा.

याच कल्पनेचा कळस ३० जून १९७३ ला झाला. कॉन्कॉर्डचा पहिला नमुना, वैमानिक आंद्रे तुर्का, कॅनरी बेटांतल्या लास पाल्मासहून निघून चंद्राच्या सावलीबरोबर आफ्रिकेवरून आवाजाच्या दुप्पट वेगाने गेला आणि चाडमध्ये उतरला. जमिनीवर त्या ग्रहणाची खग्रास स्थिती जास्तीत जास्त ७ मिनिटं ४ सेकंद होती. विमानात बसलेल्या शास्त्रज्ञांना ती ७४ मिनिटं मिळाली. फ्लाइटगिअरमध्ये कॉन्कॉर्डचं मॉडेल आहे. सावलीचा मार्ग स्टेलेरियममध्ये वेगवेगळी ठिकाणं टाकून आधी कागदावर उतरवा, दर पाच मिनिटांचा एक बिंदू, आणि मग त्या बिंदूंवर वेळेत पोचायचा प्रयत्न करा. अवघड आहे. इंधनाचा हिशेब हुकला तर सहाराच्या मध्यावर उतरावं लागतं.

येऊ घातलेल्यांपैकी २ ऑगस्ट २०२७ चं ग्रहण सरावाला उत्तम. इजिप्तमध्ये लक्सरजवळ खग्रास सहा मिनिटांहून जास्त, झुलू १०:०७ च्या आसपास, सूर्य जवळजवळ माथ्यावर. तिथे उन्हाळी वेळेचा घोळ आहे, म्हणून झुलूच वापरा. लंबन गाळणारं सिमही लक्सरला बऱ्यापैकी पास होतं, कारण माथ्यावर ते फार कमी असतं. सिम लक्सरला पास आणि इंदूरला नापास झालं, तर दोष नेमका कुठे आहे ते तुम्हाला कळलेलंच आहे.

तक्रार कशी लिहायची

‘ग्रहण दिसत नाही’ एवढंच लिहिलेली तक्रार कोणी उघडूनही बघत नाही. सिमची आवृत्ती, विमानाचे अक्षांश-रेखांश आणि उंची, झुलू तारीख-वेळ, फील्ड ऑफ व्ह्यू, सिमचा स्क्रीनशॉट आणि शेजारी त्याच क्षणाचा स्टेलेरियमचा स्क्रीनशॉट, एवढं द्या. मग एका ओळीत दोष : ‘चंद्र खऱ्या जागेपेक्षा ०.९५ अंश वर, उन्नतांश वाढेल तसा फरक कमी होतो.’ प्रोग्रॅमरला यातून लंबन सुटल्याचं लगेच कळतं. उजेडाची तक्रार वेगळी पाठवा. ती दुरुस्त करणारा माणूस बहुधा दुसराच असतो, आणि त्याच्याकडची यादी लांब असते.